पेपर सातला समकक्ष

लोकप्रशासन विभागाचा अभ्यासक्रम दर पाच वर्षांनी बदलायचा असा नियम आहे, आणि नियम आहे म्हणजे तो पाळलाच जातो, मग बदलण्यासारखं काही असो वा नसो. बाईंनी असे चार बदल पाहिले होते. पहिल्यात दोन पेपरांची अदलाबदल झाली. दुसऱ्यात ती परत फिरवली. तिसऱ्यात ‘प्रशासन’ जाऊन जिथेतिथे ‘सुशासन’ आलं आणि चौथ्यात ‘सुशासन’ जाऊन ‘धोरण’ आलं. कितीही घोळ घातला तरी शेवटी पहिले पाढे पंचावन्न, हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे पाचव्या बदलाचं पत्र आलं तेव्हा बाईंनी ते वाचलं, चहाच्या कपाखाली ठेवलं आणि विसरून गेल्या. पत्रात नवी गोष्ट एकच होती. या वेळी अभ्यासमंडळावर सरकारने पाठवलेला एक नामनिर्देशित सदस्य बसणार होता.

बाई पेपर सात शिकवायच्या. त्याचं छापील नाव ‘असहमतीची टिप्पणी: तत्त्व आणि सराव’, आणि मुलांनी ठेवलेलं नाव ‘नन्नाचा पाढा’. अठरा वर्षं तो पाढा बाई म्हणून घेत होत्या. प्रत्येक विद्यार्थ्याला एक फाइल मिळायची, बाईंनी स्वतः रचलेली. फाइलवर वरिष्ठांचा आदेश असायचा: पूल उघडा, शाळा बंद करा, अमुक जागा तमुकाला द्या. आदेशात कुठेतरी खोट असायची. ती शोधायची आणि एका पानात लिहायचं, की मला काय मान्य नाही, का मान्य नाही, आणि तरीही आदेश कायम राहिला तर जबाबदारी कोणाची. खाली सही आणि तारीख. तारीख विसरणाऱ्याला बाई सरळ नापास करायच्या.

“तारीख नसली की ती असहमती नाही, नुसती कुरकुर,” असं त्या म्हणायच्या. “आणि दोन कागद एकमेकांच्या विरोधात गेले तर नंतरच्या तारखेचा खरा धरतात. तेव्हा शेवटचा कागद आपला असू द्या.”

भलीभली हुशार मुलं या पेपरात आपटायची. खोट सापडायची, पण लिहायला हात धजायचा नाही. कोणी ‘कदाचित’ लिहायचं, कोणी ‘सविनय सुचवावेसे वाटते’ लिहून मोकळं व्हायचं. बाई लाल शाईने समासात लिहायच्या, “सुचवतोस काय? नाही म्हण.”

हा पेपर ज्या मोजक्यांना खरोखर जमला त्यांतली एक म्हणजे बाईंची सून. आधी विद्यार्थिनी, मग सून. बाईंनी तिला एक्याण्णव गुण दिले तेव्हा ती त्यांची कोणी लागत नव्हती. मुलाने तिला घरी आणली ती त्यानंतर तीन वर्षांनी. लग्नानंतर सहा महिने ती घरातही ‘बाई’च म्हणायची, आणि मग एकदा जीभ वळवताना ‘आईबाई’ म्हणून बसली. मुलगा अजून तेवढ्यावरून तिला चिडवतो.

सून शहराच्या पाणीपुरवठा खात्यात गुणवत्ता अधिकारी होती. पूर्वेच्या वसाहतीसाठी नवी टाकी बांधून झाली होती. पाण्याचे नऊ नमुने तपासणीला गेले. सहा ठीक आले, दोन खराब आले आणि एकाचा अहवाल आलाच नाही. वरून आदेश आला, की प्रमाणपत्र द्या, टाकी सुरू करायची आहे. सुनेने एक पान लिहिलं. काय मान्य नाही, का नाही, जबाबदारी कोणाची. सही, तारीख. टाकी थांबली. आठव्या दिवशी तिला ‘कारणे दाखवा’ नोटीस आली आणि दहाव्या दिवशी निलंबनाचा आदेश.

“सही करून टाकली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं?” मुलगा जेवताना म्हणाला.

“आभाळ नाही, जुलाब झाले असते,” सून म्हणाली. “चार हजार घरांत.” मुलगा वाईट नव्हता, घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस आपल्याच माणसावर आधी ओरडतो.

आरोप एका वाक्याचा होता: अधिकाऱ्याने प्रशिक्षणाशी विसंगत वर्तन केले. ते वाक्य वाचून वकिलाचा चेहरा खुलला. “प्रशिक्षणाशी विसंगत? अहो, प्रशिक्षण तर हेच आहे. विद्यापीठाची पदवी, सरकारमान्य अभ्यासक्रम, पेपर सात. गुणपत्रिकेची आणि अभ्यासक्रमाची प्रमाणित प्रत आणा. जे शिकवलं तेच केलं, असं दोन ओळींत उत्तर देऊ. त्यांची केस पडली समजा.” बाईंच्या जिवात जीव आला. आपण शिकवलेलं आपल्याच घरातल्या माणसाच्या पाठीशी उभं राहतंय, याचा त्यांना थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोला.

त्याच आठवड्यात, तीन तारखेला, अभ्यासमंडळाची सभा होती.

सभेची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी. लांब टेबल, त्यावर काच, काचेखाली कोणे एके काळची वेळापत्रकं पिवळी पडत चाललेली. विभागप्रमुख मधल्या खुर्चीत. त्यांना सगळे ‘बरंबरं’ म्हणत, कारण समोरच्याने काहीही सांगितलं तरी ते तेवढंच म्हणायचे. सुट्टी मागा, बरं बरं. छत गळतंय म्हणा, बरं बरं. माणूस निरुपद्रवी होता, निदान तोवर तरी सगळ्यांचा तसाच समज होता.

नामनिर्देशित सदस्य वेळेआधी येऊन बसला होता. पन्नाशीचा, नीटनेटका, पाण्याची बाटली घरून आणलेली. आवाज इतका हळू, की ऐकण्यासाठी सगळ्यांना पुढे वाकावं लागायचं. मंडळावरच्या सातही जणांची नावं, विषय आणि नोकरीची वर्षं त्याने पाठ करून आणली होती. त्याचं नाव मात्र कोणाच्या लक्षात राहिलं नाही, म्हणून पुढेही सगळे त्याला ‘नामनिर्देशित’च म्हणत राहिले.

त्याने प्रत्येकापुढे एक कागद सरकवला. त्यावर बत्तीस क्रियापदं होती.

“छोटीशी सुधारणा आहे,” तो म्हणाला. “प्रत्येक पेपरातून विद्यार्थ्याला काय यायला लागेल, ते एका वाक्यात लिहायचं. वाक्याचा शेवट या बत्तीसपैकी एका क्रियापदाने करायचा. बस, एवढंच.”

बाईंनी यादी वरून खाली वाचली. ओळखणे, सांगणे, कळवणे, जुळवणे, राबवणे, पाळणे, नोंदवणे, सादर करणे. बत्तिसाव्यापर्यंत आल्या आणि पुन्हा वर गेल्या.

“यात ‘नाकारणे’ नाही,” त्या म्हणाल्या. “‘असहमत होणे’ही नाही. ‘प्रश्न विचारणे’सुद्धा नाही.”

“बरोबर पकडलंत,” तो कौतुकाने म्हणाला. “कसंय बाई, ती खरं तर क्रियापदं नाहीत. वृत्ती आहे ती. वृत्ती मोजता येत नाही. जे मोजता येत नाही ते शिकवलं, असं आपण कसं म्हणणार?”

टेबलाभोवती कोणी हसलं नाही आणि कोणी विरोधही केला नाही. जो तो आपापल्या पेपराची वाक्यं मनात जुळवत होता, आणि ज्याचं त्याचं जुळत होतं. बत्तीस क्रियापदांत न बसणारा पेपर एकच निघाला. दुपारपर्यंत त्याच्या जागी दुसरा पेपर सात आला, ‘अनुपालन लेखन’. त्यातून विद्यार्थी आदेश ओळखू, कळवू आणि पाळू शकणार होता.

बाई भांडल्या. अठरा वर्षांचा अनुभव काढला, आवाज चढवला, एकदा टेबलावर हातही आपटला. नामनिर्देशित शांतपणे ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, “तुमची असहमती इतिवृत्तात जशीच्या तशी घेऊ. तारखेसकट.” आणि खरोखरच घेतली. बाईंनी स्वतः मसुदा वाचून पाहिला, एक शब्दही बदललेला नव्हता. मग तो आणखी हळू आवाजात म्हणाला, “आणि काळजी करू नका. हे नव्या मुलांसाठी आहे. जुन्यांना धक्का लागणार नाही.”

त्या वाक्यावर बाईंनी विश्वास ठेवला. ठेवला नसता तर काय केलं असतं, हेही त्यांना सांगता आलं नसतं.

पाच तारखेला बरंबरं स्वतः त्यांच्या खोलीत आले. हातात एक तक्ता होता आणि चौदा नावांची यादी. “बाई, हे जुन्या पेपर सातमध्ये अडकलेले. दोन-दोन, तीन-तीनदा नापास. आता पेपरच गेला, तर परीक्षा कशाची द्यायची? समकक्ष विषय ठरला नाही तर पदवी गेली त्यांची. आजच पाठवायचंय वर.”

समकक्षता तक्ता ही काही नवी भानगड नव्हती. अभ्यासक्रम बदलला की डावीकडे जुना पेपर लिहायचा, उजवीकडे नवा, खाली विषयशिक्षकाने सही करायची. मग जुन्यात राहिलेल्यांना नव्याची परीक्षा देता येते. बाईंनी आजवर चार तक्ते भरले होते. वरची छापील ओळ त्यांनी एकदाही वाचली नव्हती, कारण ती कोणीच वाचत नाही. आपण रोज ज्या दारातून आत जातो त्यावरची पाटी वाचतो का कधी? यादीतल्या चौदांपैकी नऊ चेहरे त्यांना आठवत होते. सगळे ‘सविनय सुचवावेसे वाटते’वाले. भित्री होती पोरं, पण वाईट नव्हती. माझ्या भांडणापायी यांचं वर्ष कशाला बुडवा, असा विचार त्यांनी केला. डावीकडे ‘असहमतीची टिप्पणी’ लिहिलं, उजवीकडे ‘अनुपालन लेखन’ लिहिलं, सही केली, आणि अठरा वर्षांच्या सवयीने खाली तारीख टाकली.

“बरं बरं,” असं म्हणून बरंबरं कागद घेऊन गेले.

पुढच्या महिन्यात फेरपरीक्षा झाली आणि चौदाच्या चौदा पास झाले. बाईंना बरं वाटलं. ग्रंथालयातल्या जुन्या अभ्यासक्रमाच्या प्रती बांधणीसाठी गेल्या त्या आल्या नाहीत, पण ग्रंथालयातून बांधणीला गेलेलं पुस्तक परत येत नाही हे जुनंच आहे, म्हणून कोणी चौकशी केली नाही. विभागाच्या संकेतस्थळावर जुना पेपर सात शोधला की नवाच उघडायचा. बाईंच्या कपाटात त्यांच्या स्वतःच्या फायली होत्या, पण त्यावर विद्यापीठाचा शिक्का नव्हता. शिक्का नसलेल्या कागदाची किंमत काय, हे त्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या मुलांना शिकवलं होतं.

एका रविवारी दुपारी सुनेची प्रमाणित गुणपत्रिका टपालाने आली. बाई ओट्यापाशी भाजी चिरत होत्या. सुनेने पाकीट फोडलं, कागद उघडला, आणि हसत म्हणाली, “आई, मला अनुपालनात एक्याण्णव आहेत.”

“कशात?”

“पेपर सात, अनुपालन लेखन, एक्याण्णव, विशेष प्रावीण्य.” ती अजून हसत होती. मग तिने तळटीप वाचली आणि हसणं थांबलं. “समकक्षता तक्त्यानुसार विषयाचे प्रचलित नाव. तक्ता कोणी केला, आई?”

बाईंनी विळी आडवी केली. हात पुसले, पुन्हा पुसले. शेवटी म्हणाल्या, “मी केला. त्या चौदांसाठी.” सुनेने गुणपत्रिका घडी करून परत पाकिटात घातली आणि राहिलेली भाजी चिरायला बसली. ती रागावली असती तर बाईंना सोपं गेलं असतं.

सोमवारी दार उघडायच्या आधीच बाई परीक्षा विभागात हजर होत्या. तिथल्या कारकुनाने तक्ता काढून दाखवला. चूक कुठेच नव्हती. सही खरी, तारीख खरी, शिक्का खरा. तिथून त्या बरंबरंकडे गेल्या. तक्ता मागे घेण्याचा अर्ज त्यांनी रात्रीच लिहून ठेवला होता. बरंबरंनी तो वाचला आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ‘बरं बरं’ म्हणाले नाहीत.

“नका देऊ हा अर्ज,” ते म्हणाले. “चौदा जणांच्या हातात पदव्या पडल्यात. काही नोकरीला लागलेत. तक्ता गेला की त्यांचे निकाल गेले. आणि मग विचारतील, की चूक कोणाची. मी तर फक्त कागद पुढे पाठवला.”

“तुम्हाला माहीत होतं?”

बरंबरं खिडकीकडे बघत राहिले. “मला काय माहीत असणार, बाई,” ते म्हणाले. “मी कधी काही वाचतो का?” अर्ज त्यांनी परत बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो पर्समध्ये ठेवला. उद्या देऊ, असं म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाल्या. इकडे सून आणि तिकडे चौदा जण, अशा कात्रीत त्या सापडल्या होत्या, आणि त्यांच्या अठरा वर्षांच्या फायलींत अशी एकही फाइल नव्हती.

सुनेची चौकशी पाणीपुरवठा खात्याच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर झाली. बाईंना साक्षीला बोलावलं होतं. खोलीत तीन खुर्च्यांवर तीन अधिकारी, आणि मधल्या खुर्चीत नामनिर्देशित. बाईंना आश्चर्य वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

“बसा, बाई,” तो म्हणाला. “यांचं आणि तुमचं नातं?”

“सासू.”

“त्याआधी?”

“शिक्षिका.”

“तर शिक्षिका म्हणूनच बोलू.” त्याने इतिवृत्त पुढे ठेवलं. “ही तुमची असहमती. तीन तारीख. सुंदर लिहिलीय. मी दोनदा वाचली.” मग तक्ता. “आणि हा पाच तारखेचा. वरची ओळ मोठ्याने वाचता का?”

बाईंनी चष्मा लावला. आयुष्यात पहिल्यांदा ती ओळ वाचली. “‘खालील जुना व नवा विषय आशय आणि उद्दिष्ट या दोन्ही दृष्टींनी समकक्ष असून, जुन्या विषयात उत्तीर्ण व्यक्तीने नव्या विषयाचे प्रशिक्षण पूर्ण केले आहे, असे समजण्यात यावे.’”

“दोन कागद एकमेकांच्या विरोधात असले तर कोणता खरा धरतात?”

सून समोर बसली होती. हे उत्तर तिलाही पाठ होतं.

“नंतरच्या तारखेचा,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे यांना अनुपालन शिकवलं गेलं होतं. तेही उत्तम. तरी यांनी आदेश पाळला नाही.”

“मी ती ओळ वाचली नव्हती.”

“हे लिहून घ्यायचं का?” त्याने अगदी काळजीने विचारलं. “सरकारी कागदावर न वाचता सही केली, असं?”

“लिहा. असंच लिहा.”

“लिहितो. पण मग अडचण बघा. न वाचता सही करणाऱ्या व्यक्तीची साक्ष आम्ही कशी धरायची? आणि सही चुकून झाली म्हणत असाल तर तक्ता आत्ता मागे घ्या, कागद इथे आहे. त्या चौदा जणांना मी स्वतः कळवतो.”

बाईंनी पर्सची चेन उघडली. अर्ज हाताला लागला. तेवढ्यात सून म्हणाली, “नको, आई. त्यांचं काय चुकलंय? राहू द्या तो तक्ता.” ती अधिकाऱ्यांकडे न बघता बाईंकडे बघून बोलत होती, घरात ‘गॅस बंद करा’ म्हणावं तशा साध्या आवाजात. बाईंनी चेन लावली. त्या क्षणी आपण सुनेवर प्रेम केलं की तिला बुडवलं, हे त्यांना आजही ठरवता येत नाही.

निकाल पंधरा दिवसांत आला. सेवेतून कमी. कारण, प्रशिक्षणाशी विसंगत वर्तन.

त्यानंतरच्या एका सोमवारी संध्याकाळी दारावर थाप पडली. बाहेर एक तरुण मुलगी उभी होती, हातात फुलं. बाईंनी तिला लगेच ओळखलं. चौदांतली ही सातवी, पेपर सातमध्ये तीनदा नापास. हुशार, पण शेवटपर्यंत ‘कदाचित’ काही सोडलं नाही.

“बाई, तुमच्यामुळे पदवी मिळाली,” ती वाकून नमस्कार करत म्हणाली. “आणि नोकरीपण लागली. पाणीपुरवठ्यात, गुणवत्ता अधिकारी. म्हटलं, आधी तुम्हाला सांगावं.”

सून पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आली होती. ती तिथेच थांबली. ही बाईंची सून आणि आपण हिच्याच खुर्चीत बसलोय, हे त्या पोरीला माहीत नव्हतं. कोणी सांगितलंच नव्हतं तिला.

“पूर्वेच्या टाकीचं काय झालं?” बाईंनी विचारलं.

“झाली ना सुरू. आज सकाळीच. पहिली फाइल तीच आली माझ्याकडे.”

“नमुने?”

पोरीने फुलांच्या दोऱ्याशी चाळा केला. “सहा चांगले होते, बाई. बाकीचे परत पाठवायला हवे होते बहुतेक. पण सगळे थांबले होते हो, साहेब स्वतः टेबलाशी उभे. मला काही लिहिता येईना.” मग कसनुसं हसली. “तुम्हाला तर माहीतच आहे, मला ते कधी जमलं नाही.”

तिला न जमणारी गोष्ट जमते, असं तक्त्यावर बाईंनीच लिहून दिलं होतं.

मंगळवारी सकाळी सासू-सुना पूर्वेच्या वसाहतीत गेल्या. बस वळणापर्यंतच जाते, पुढे चालत. एकसारखी चार-चार मजली घरं, प्रत्येक जिन्याखाली नवा निळा पाइप. त्या एकेक दार वाजवत गेल्या. पाणी उकळून प्या, आठ दिवस तरी, एवढंच त्या सांगत होत्या. कोणी मान हलवली, कोणी दार लावून घेतलं, एकाने तुम्ही फिल्टर विकता का, असं विचारलं.

तिसऱ्या इमारतीतल्या बाईने मात्र सगळं ऐकून घेतलं. “तुम्ही कोण?” तिने विचारलं.

“मी पाणी खात्यात होते,” सून म्हणाली.

“होते?” तिने दाराआड लावलेला एक छापील कागद काढून आणला. टाकीच्या उद्घाटनाचं पत्रक होतं, त्यावर प्रमाणपत्राची प्रत, शिक्का, सही, कालची तारीख. “हे बघा, आमच्याकडे कागद आहे. तुमच्याकडे काय आहे?”

सुनेकडे काही नव्हतं. बाईंकडेही नव्हतं.

त्या बाईला मग वाईट वाटलं असावं. दोन बायका, त्यातली एक म्हातारी, उन्हात जिने चढून आलेल्या. ती आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, आणि ती दोन ग्लास भरून घेऊन आली. “ते जाऊ द्या. दमलात, पाणी घ्या.”

“नको,” बाई म्हणाल्या.

“घ्या हो. सहा वर्षं टँकरमागे पळालोय आम्ही. आता घरात आलंय.”

“नको. आणि तुम्हीही पिऊ नका.”

तिचा चेहरा उतरला. दारात आलेल्याने पाणी नाकारलं की लागतंच माणसाला. तिने एक ग्लास खाली ठेवला आणि दुसरा तोंडाला लावून, या दोघींकडे बघत बघत, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

“बघा,” ती म्हणाली. “झालं का काही?”

सुनेने बाईंचा दंड धरला. वरच्या मजल्यावर अजून दोन दारं राहिली होती, आणि त्या जिना चढू लागल्या.